आत्याचं वाकड्या तोंडाचं चिनी

माझी आत्या एका वृद्धाश्रमाच्या कपडेखोलीत काम करायची. साठ पलंगांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल, रबरी कापडं सगळं तिच्या हाताखालून जायचं. प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात पक्क्या शाईनं पलंगाचा नंबर घातलेला असे, पण आत्याला नंबर बघायची गरज नसायची. नुसता डाग बघून ती सांगायची, "ही सतराची. चहा पिताना हात थरथरतो त्यांचा." कामाला वाघ आणि तोंडाचा पट्टा असा की वॉशिंग मशीननं लाजावं. भाषा शिकणं मात्र तिच्या नशिबात नव्हतं. शाळेत इंग्रजीत ती लागोपाठ तीनदा नापास झाली. "चौथ्या वेळी मीच त्या इंग्रजीला नापास केलं," असं ती वर ठसक्यात सांगायची.

आतोबा बस डेपोत मेकॅनिक. दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलणारा माणूस, त्यातली चार बसशी. नवरा-बायकोची सरासरी काढली तर ती कुठल्याही घरासारखीच भरली असती.

आश्रमात आत्याचं सगळ्यात जास्त कुणाशी पटत असेल तर ते केसवाल्या आजींशी. आजी मूळच्या चीनच्या. बाविसाव्या वर्षी नवऱ्याबरोबर इकडे आल्या, आणि पोस्टामागच्या गल्लीत चाळीस वर्षं केस कापण्याचं दुकान चालवलं. इकडची भाषा त्या गिऱ्हाइकांकडून शिकल्या, त्यामुळे तिच्यात व्याकरण कमी आणि कुचाळक्या जास्त. कुणाची सून कधी रुसली, कोणत्या मास्तरांनी टोप लावला, सगळं त्यांच्यापाशी जमा. नवरा गेला, गुडघे गेले, तसं त्यांनी दुकान बंद केलं आणि एक बॅग आणि कात्र्यांची पेटी घेऊन आपल्या पायांनी आश्रमात आल्या. मुलगा परदेशात होता. तो दर रविवारी फोनवर दिसायचा.

एकाआड एक मंगळवारी कपडेखोलीत, उपड्या घातलेल्या टबावर बसून, आत्या आजींकडून केस कापून घ्यायची. कात्रीपेक्षा दोघींची तोंडं जास्त चालायची.

एका सकाळी आजी न्हाणीघरात पडल्या. मेंदूतली रक्ताची गाठ. अठरा दिवसांनी इस्पितळातून परत आणलं तेव्हा उजवा हात निकामी झाला होता, तोंड एका बाजूला ओघळलं होतं. आत्या धावत दारापर्यंत गेली. आजींनी तिला पाहिलं, डोळे भरून आले, आणि त्या बोलायला लागल्या. घडाघडा बोलल्या. त्यातलं एक अक्षर आत्याला कळलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "कधी कधी असं होतं. मागून शिकलेली भाषा पुसली जाते, लहानपणची राहते. तुम्ही बोललेलं थोडंफार कळेल त्यांना, पण उत्तर त्यांच्याच भाषेत येणार."

आता त्यांची भाषा येणारं आश्रमात कोण होतं? मेट्रननं पहिल्याच आठवड्यात वहीत लिहिलं, 'रुग्ण असंबद्ध बोलते.' आत्याला ते वाचून असा राग आला की तिनं त्या दिवशीच्या सगळ्या चादरींच्या उलट्या घड्या घातल्या.

"असंबद्ध काय असंबद्ध? संबंध आपल्याला लागत नाही, तो त्यांचा दोष का?"

रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा आत्यानंच फोन धरला. आजी बोलत राहिल्या. पडद्यावरचा मुलगा, पन्नाशीला टेकलेला माणूस, नुसता बघत राहिला.

"काय म्हणतायत हो?" आत्यानं विचारलं.

"मला येत नाही, ताई."

"म्हणजे?"

"मला चिनी येत नाही. नऊ वर्षांचा असताना मीच आईला सांगितलं होतं, शाळेच्या फाटकापाशी येऊन माझ्याशी असलं बोलू नकोस, पोरं चिडवतात. ती जी थांबली ती थांबलीच. घरीसुद्धा इकडचीच भाषा बोलायची."

त्या संध्याकाळी आत्या आमच्याकडे आली, चपला काढता काढता मला म्हणाली, "तुझ्या त्या फोनवर बघ, चिनी शिकवतात कुठे."

मला वाटलं थट्टा करतेय. माझे बाबा म्हणजे तिचा भाऊ. त्यांना हसू आवरेना. "एक्कावन्न वय तुझं. आणि शिकायला जगात दुसरी भाषा नाही मिळाली?"

"दुसरी आजींना येत नाही," आत्या म्हणाली.

वर्ग सापडला. आठवड्यातून दोन संध्याकाळी, एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या वरच्या मजल्यावर. शिकवणाऱ्या बाई सत्तावीस वर्षांच्या, आपल्यातल्याच, चीनमध्ये पाच वर्षं शिकून आलेल्या. वर्गातली बाकीची मंडळी विशी-पंचविशीतली, कुणाला व्यापार करायचा, कुणाला नोकरी. पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येकाला विचारलं, का शिकायचंय. आत्या उभी राहिली आणि म्हणाली, "मला एका बाईंना विचारायचंय, कुठं दुखतंय."

लिपीला तिनं हातच लावला नाही. "ती चित्रं तुम्ही काढा. मला बोलायचंय." बाईंनी समजावलं, रागावल्या, शेवटी सोडून दिलं.

पण बोलणंसुद्धा सोपं नव्हतं. चिनीत एकच शब्द चार सुरांत म्हटला तर चार अर्थ होतात, हे आत्याला तिसऱ्या तासाला कळलं आणि चौथ्या तासापर्यंत तिचा बाईंवर विश्वास बसला नाही. त्यातला 'थांग' हा शब्द तर तिच्या मुळावर उठला. एका सुरात थांग म्हणजे सूप. दुसऱ्यात साखर. तिसऱ्यात आडवं हो. चौथ्यात चटका बसेल इतकं गरम. आश्रमात रोज लागणारे चार शब्द, आणि चारही थांग.

आत्या मोठ्या उत्साहानं वाटी घेऊन आजींपुढे गेली आणि म्हणाली, "थांग!" आजी मुकाट्यानं आडव्या झाल्या. आत्यानं त्यांना उठवून बसवलं, पुन्हा म्हणाली, "थांग, थांग!" आजींनी घाबरून वाटी दूर ढकलली. भाजेल या भीतीनं. ते सूप थंडगार होतं. ते आत्याच्या पदरावर सांडलं.

घरी येऊन ती मटकन खाली बसली. "चार चार थांग आहेत हो, आणि मला एकाचाही थांगपत्ता नाही."

आतोबा हात पुसत म्हणाले, "म्हणून दाखव."

तिनं बाईंनी फोनवर रेकॉर्ड करून दिलेले चारही सूर लावले. आतोबांनी डोळे मिटून ऐकले. पुन्हा लावायला सांगितले. मग म्हणाले, "सोपं आहे. पहिला, गाडी सपाट रस्त्यावर एका वेगात चाललीय. दुसरा, चढ चढतेय. तिसरा, खड्ड्यात उतरली आणि वर आली. चौथा, कचकन ब्रेक."

आत्या बघतच राहिली. तेवीस वर्षं इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून बिघाड सांगणाऱ्या माणसाचा कान आपल्या घरात होता, आणि आपण त्या कानाला फक्त आपलंच ऐकवलं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं असावं. त्या दिवसापासून रोज सकाळी चहाच्या वेळी त्यांचा तास सुरू झाला. चिनीचा एकही शब्द न येणारा गुरू आणि चिनीची शिष्या.

"थांग."

"हा खड्डा झाला. तुला सपाट पाहिजे."

"थांग."

"आता चढलीस. अगं, ॲक्सिलरेटरवरचा पाय हलवू नकोस."

मी एकदा सकाळी त्यांच्याकडे गेले होते. आत्या साखर मागत होती, आतोबा "अजून चढव, अजून चढव" म्हणत होते, आणि चहा केव्हाच थंड झाला होता. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेल्या या दोघांना इतकं बोलताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दिवसभर कपडेखोलीत ती घड्या घालता घालता शब्द म्हणायची. चादर म्हणजे एक शब्द, अभ्रा म्हणजे त्याचा उलटा शब्द. गरम, थंड. वर, खाली. पाहिजे, नको. पाहिजे म्हणजे 'याओ', नको म्हणजे 'पू याओ'. ही दोन तिची सगळ्यात लाडकी, कारण त्यांच्यावर दिवस निघायचा. चहा याओ? पू याओ? खिडकी याओ? पू याओ? दुपारी अर्धा तास आजींच्या पलंगापाशी बसून ती दिवसाचे शब्द त्यांना म्हणून दाखवायची. आजी डाव्या हाताच्या बोटानं तिच्या ओठाला टिचकी मारून चूक दाखवायच्या आणि स्वतः म्हणून दाखवायच्या. आजारी माणूस ताजंतवानं होऊन शिकवायला बसतं, हे मेट्रननं पाहिलं. वहीतली ती ओळ तिनं स्वतःच्या हातानं खोडली.

तीन-चार महिन्यांनी बाई वर्गात आत्याला म्हणाल्या, "तुम्ही तोंडाच्या एकाच बाजूनं का बोलता?"

"तसंच बोलतात ना?"

"कोण?"

आत्याला तेव्हा उमगलं. आजींचं ओघळलेलं तोंड बघून बघून तिनं शब्दांबरोबर तो वाकडेपणाही उचलला होता. वर आजींच्या गावाकडे 'श' म्हणायची पद्धत नसावी. त्या चार आणि दहा जवळजवळ सारखंच म्हणायच्या, आणि आत्याही. बाईंनी दहा म्हणायला सांगितलं की हिचं चार ऐकू यायचं.

"'श' म्हणा, मावशी."

"आमच्या आजी 'स' म्हणतात."

"आजींचं गावठी आहे. प्रमाण भाषेत 'श'."

"बाई, मला प्रमाणाशी बोलायचं नाहीये. आजींशी बोलायचंय."

परीक्षेत ती नापास झाली. लेखी कोराच होता, तोंडीत दहा वाजता म्हणायला गेली आणि चार वाजता ऐकू आलं. बाईंनी निकाल सांगितला तेव्हा त्यांचेच डोळे ओले झाले, आणि आत्याच त्यांची समजूत काढत होती. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. नापास व्हायची मला जुनी सवय आहे."

पण रविवारच्या फोनवर आता आत्या मध्ये बसायची. पहिल्या रविवारी आम्हा सगळ्यांना वाटत होतं, आई इतक्या महिन्यांनी मुलाला काय सांगेल कोण जाणे. आजी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या आणि चार शब्द बोलल्या. आत्यानं मान डोलावली आणि मुलाला सांगितलं, "केस काप म्हणतायत. मागून फार वाढलेत."

मुलगा हसला, आणि हसता हसता तोंड फिरवून बसला. पुढच्या रविवारी तो केस कापून आला. आजींनी निरखून पाहिलं आणि पुन्हा काहीतरी म्हणाल्या. "ज्यानं कापले त्याला कात्री धरता येत नाही म्हणतायत," आत्यानं सांगितलं.

असे बरेच रविवार गेले. खोकला, गुडघे, शेजारच्या पलंगावरच्या बाईंचं घोरणं. आत्याला कळेल तेवढं ती सांगायची, न कळेल ते सरळ सांगायची, "हे माझ्या आवाक्याबाहेरचं." कधीच पदरचं घालायची नाही. एरवी एकाचे चार करून सांगणारी ही बाई इथे मात्र फार जपून बोलायची.

मग एका रविवारी मुलगा सांगत होता, कामाचा व्याप आहे, या वर्षी काही येणं होणार नाही. आजींना तेवढं कळलं. मग त्यांनी एक वाक्य म्हटलं.

आत्याचा चेहरा उतरला.

"काय म्हणाली?" मुलानं विचारलं.

"मला नाही कळलं," आत्या म्हणाली. दोन वर्षांत पहिल्यांदा ती खोटं बोलली.

आजींना आता इकडची भाषा बोलता येत नव्हती, पण खोटं त्यांना कुठल्याही भाषेत ओळखता यायचं. त्यांनी डाव्या हातानं पलंगाच्या कठड्यावर मारलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. लहान मुलाला शिकवावं तसं, एकेक शब्द सुटा करून. नी. पू याओ. वो.

त्यात एकही अवघड शब्द नव्हता. तू. नको. मी. सगळे रोजचे, चहाच्या वेळचे.

आत्यानं फोन दुसऱ्या हातात घेतला. "भाऊ, त्या म्हणतायत, तुला मी नको आहे."

आत्या मला नंतर म्हणाली, "मला वाटलं आता हा फोन ठेवतोय. ठेवला असता तर मी त्याला जन्मात माफ केलं नसतं, आणि मला स्वतःलाही."

त्यानं फोन ठेवला नाही. तो म्हणाला, "ताई, पाहिजे कसं म्हणतात?"

"याओ. ब्रेक दाबल्यासारखं."

"याओ," तो म्हणाला. मग पुन्हा, मोठ्यानं, "याओ! आई, याओ!"

आजींनी कपाळाला आठ्या घातल्या. मान हलवली. आणि एका बाजूच्या ओठानं, शाळामास्तरणीसारखं ठणकावून त्याला म्हणाल्या, "याओ." मुलानं ब्रेकच्या जागी चढ घेतला होता. त्यानं पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा दुरुस्त केलं. पाचव्या-सहाव्या वेळी कुठे जमलं, तेव्हा आजी उशीवर मान टाकून हसायला लागल्या, आणि इकडे फोन धरलेली आत्या हुंदके देत होती.

तीन आठवड्यांनी मुलगा आला. बारा दिवस राहिला. सकाळी आईजवळ, आणि दुपारी आई झोपली की कपडेखोलीत, आत्यापुढे. तिनं त्याला चादरीची टोकं धरायला लावली आणि घड्या घालता घालता शिकवलं. वर, खाली. गरम, थंड. माझी आत्या, जिनं आयुष्यात भाषेची एकही परीक्षा पास केली नाही, ती त्या मोठ्या साहेबाला दटावत होती, "तोंड थोडं वाकडं करा, भाऊ. सरळ तोंडानं त्यांच्यासारखं नाही येत." आणि तो करायचा. त्यानंतर तो दर चार महिन्यांनी येत राहिला.

आजी त्यानंतर दीड वर्ष होत्या. शेवटच्या महिन्यात बोलणं अगदी कमी झालं होतं. गेल्या तेव्हा दुपार होती, मुलगा एका बाजूला, आत्या दुसऱ्या बाजूला. काही विशेष बोलल्या नाहीत. तहान लागली म्हणाल्या, दोघांनाही एकदमच कळलं, आणि दोघंही एकदम पाण्याला उठले.

त्यानंतर आत्या वर्गाला गेली नाही. आतोबा सकाळी चहा घेऊन बसायचे, वाट बघायचे, मग मुकाट्यानं डेपोवर जायचे. आम्हाला वाटलं, ज्यासाठी शिकली ते संपलं, आता भाषाही संपली. तसं झालंही असतं. पण दोनेक महिन्यांनी मुलानं सामान आवरताना सापडलेलं एक पुडकं तिला पाठवून दिलं. आजींच्या धाकट्या बहिणीची पत्रं, सव्वीस. बरोबर त्याची चिठ्ठी होती. 'ताई, कुणा अनोळखी माणसाकडून वाचून घेणं जिवावर येतंय. तुम्ही वाचाल तेव्हा सांगा. घाई नाही.'

आत्यानं पुडकं सोडून पत्रं पलंगावर मांडली. उभ्या ओळी, काळी शाई, आणि ती सगळी चित्रं, जी तिनं साफ नाकारली होती.

पुढच्या गुरुवारी ती टायपिंग इन्स्टिट्यूटच्या जिन्यात उभी होती. बाई वरून उतरत होत्या.

"बाई, 'एक' कसं लिहितात?"

"एक आडवी रेघ, मावशी."

"आणि दोन?"

"दोन रेघा."

"मग हे काही एवढं अवघड दिसत नाही," आत्या म्हणाली आणि जिना चढायला लागली.

नुसत्या रेघा तीनपर्यंतच चालतात; त्यापुढे काय झालं ते तिलाच ठाऊक. आज ती सत्तावन्न वर्षांची आहे. चौरस रकान्यांच्या वह्यांवर वह्या भरल्यात. सव्वीसपैकी तीन पत्रं वाचून झालीत, आणि प्रत्येक पत्र वाचून झालं की ते ती फोनवर मुलाला आधी चिनीत वाचून दाखवते, मग आपल्या भाषेत. पत्रांत फार काही नाही. छप्पर शाकारलं. आईचे दात पडले. तू झोपेत अजून बडबडतेस का? तुझ्या नवऱ्याला त्रास होत असेल.

चौथ्या पत्रात पहिल्याच ओळीत एक अक्षर अडलंय. चौदा रेघांचं आहे. आतोबांचं म्हणणं, ते एखाद्या पक्ष्यासारखं दिसतं. आत्याचं म्हणणं, मुळीच नाही, शिडीसारखं दिसतं. बाईंना गुरुवारी विचारायचंय.